‘पुढे वाकून बसा’ म्हणणाऱ्या डॉक्टरांना

डॉक्टर,

तुम्हाला मी आठवत असेन असं नाही. मला मात्र तुमच्या डाव्या बुटाची सुटलेली नाडीसुद्धा आठवते, कारण मान वर करून चेहरा बघायचं त्राण माझ्यात नव्हतं.

त्याआधी चार दिवस मी ‘ॲसिडिटीचा पेशंट’ होतो; खरं तर सुजलं होतं स्वादुपिंड. बेंबीच्या वरून निघालेली कळ आरपार पाठीत घुसायची आणि हलायचं नाव घ्यायची नाही. पहिल्या डॉक्टरांनी पोटाला हातही न लावता इंजेक्शन दिलं. दुसऱ्यांनी निदान रक्त तपासलं, तेही चौथ्या दिवशी आणि फक्त अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाचं एक पाचक एन्झाइम. ते नॉर्मल आलं. मग ‘फार टेन्शन घेता का?’ असं विचारून मला वाटेला लावलं. रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे माणूस नाटकी! खरं सांगतो, कळीपेक्षा ते वाक्य जास्त लागलं.

तुम्ही आलात तेव्हा फाइल तुमच्या हातात होती, पण ती उघडायच्या आधी तुम्ही विचारलंत, “उताणं झोपवत नाही ना?” मी नुसती मान हलवली. तुम्ही चाकांचं टेबल पुढे ओढलंत, स्वतः उशी आणलीत, दोनदा चापटून सारखी केलीत आणि म्हणालात, “हिला मिठी मारा आणि पुढे वाकून बसा.” दुखणं काही गेलं नाही. पण चार दिवसांत पहिल्यांदा छातीभर श्वास घेता आला. सलाईन, वेदनाशामक, सोनोग्राफी हे सगळं नंतरचं. माझ्यापुरता उपचार त्या उशीपासून सुरू झाला.

सकाळी तुम्ही एका कागदाच्या पाठीवर स्वादुपिंड काढून दाखवलंत. जठराच्या मागे, जवळजवळ कण्याला टेकलेलं, म्हणून कळ पाठीत जाते आणि वाकलं की जरा सैलावते. प्रथिनं फोडणारे तिथले एन्झाइम झोपलेल्या अवस्थेतच तयार होतात. त्यांतलं ट्रिप्सिनोजेन लहान आतड्यात पोचलं की जागं होऊन ट्रिप्सिन होतं आणि मग तेच बाकीच्यांना उठवतं. माझ्या पित्ताशयातला एक खडा घसरून, पित्त आणि स्वादुपिंडाचा रस जिथून आतड्यात उतरतो त्या नळीच्या तोंडाशी अडकला आणि ही मंडळी घरातच जागी झाली. “म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं,” मी म्हटलं. तुम्हाला ते आवडलं. स्वादुपिंड स्वतःलाच पचवतं, हा विचार हान्स कियारी या विकृतिशास्त्रज्ञांनी १८९६ सालीच मांडला होता, हे तुम्ही तेव्हाच सांगितलंत. लायपेज हे तिथलंच दुसरं एन्झाइम आजूबाजूची चरबी फोडतं, सुटलेली आम्लं कॅल्शियमला धरतात आणि पोटात चक्क साबण तयार होतो, हे ऐकून मी हसलो. हसलो आणि कळवळलो.

चुकलं कुठे तेही कळलं. अमायलेज तीन ते पाच दिवसांत उतरू शकतं, लायपेज आठवडा-दोन आठवडे चढलेलं राहतं. तुम्ही मागवलेलं माझं लायपेज कमाल मर्यादेच्या तिपटीच्या कितीतरी वर होतं. मी घाबरून विचारलं, “म्हणजे फार सिरियस?” तुम्ही म्हणालात, “आकडा आजार आहे एवढंच सांगतो. किती आहे, ते मला तुमच्याकडे बघून ठरवायचंय.” आणि खरंच, दर काही तासांनी येऊन बघत राहिलात. एन्झाइम बंद करणारं औषध द्या म्हणून मी हट्ट धरला, तेव्हा तसे प्रयत्न बरेच झालेत पण भरवशाचं काही हाती लागलेलं नाही, हेही सरळ सांगितलंत. थाप मारणं सोपं होतं. हुशार डॉक्टर पुष्कळ भेटतात हो, पण समोरचा खोटं बोलत नाहीये असं धरून चालणारा मला पाचव्या दिवशी भेटला.

घरी सोडायच्या आधीच पित्ताशय काढलं. टाके दाखवायला आलो तेव्हा तुमची ड्यूटी दुसरीकडे लागली होती. कॉरिडॉरमधून जाताना मी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या बुटांकडे बघत होतो.

तुमचा,
खिडकीजवळच्या खाटेवरचा पेशंट