मा. आयुक्त, कुत्री पकडणाऱ्यांना आधी लस द्या

मा. आयुक्त,
सोलापूर महानगरपालिका

सप्रेम नमस्कार.

कुत्रं चावलं की रेबीजची लस घ्यायची, हे सोलापुरात बहुतेकांना ठाऊक आहे. चावण्याआधीही ती घेता येते, हे फार थोड्यांना माहीत असतं. जाळी टाकून कुत्री पकडणारे, त्यांना गाडीत भरणारे, नसबंदीनंतर पिंजऱ्याजवळ राबणारे, जनावरांच्या दवाखान्यातले मदतनीस यांचा दात आणि लाळेशी रोजचा संबंध. अशांसाठीच राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत प्रतिबंधक लस सांगितली आहे. पहिल्या डोसनंतर ७ व्या दिवशी दुसरा, २१ व्या किंवा २८ व्या दिवशी तिसरा.

माझी मागणी एकच आहे. हे काम करणाऱ्या प्रत्येकाला, तो कायम असो वा ठेकेदाराकडचा, हे तीन डोस मोफत मिळावेत. कुत्रं चावताना हजेरीपट कुणाचा ते बघत नाही.

रक्त आलेल्या जखमेत लसीखेरीज इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं, भरावं लागतं. ते महाग असतं आणि हवं तेव्हा मिळेलच असं नाही. आधी पूर्ण लस झालेल्याला ते लागत नाही. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची, त्याच दिवशी एक आणि तीन दिवसांनी दुसरा डोस घ्यायचा, बस. पण हे दोन डोस टाळता येत नाहीत, हे कामगारांना बजावून सांगायला हवं. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही.

खर्चाचं म्हणाल, तर त्वचेत दिलेल्या लसीला ०.१ मिलिलिटर पुरतं, एका कुपीत अनेकांचं भागतं. मात्र फोडलेली कुपी काही तासांत संपवावी लागते. त्यामुळे एकेकट्याला दवाखान्यात धाडण्यापेक्षा सकाळच्या हजेरीलाच प्रशिक्षित परिचारिका पाठवावी, सगळ्यांना एकदम टोचून घ्यावं आणि तारखांचं कार्ड प्रत्येकाच्या हाती द्यावं. घंटागाडीवाले आणि झाडूवाल्या बायका पुढच्या फेरीत याव्यात. मुलांना ही लस आधीच देण्याचा विचारही बालरोगतज्ज्ञांना विचारून व्हावा.

पोटातल्या चौदा इंजेक्शनांची धास्ती अजून लोकांच्या मनात आहे. ती जुनी लस बंद होऊन वीस वर्षं उलटली, आता टोचतात ती दंडात. जखमेत तिखट-चुना भरणंही थांबलेलं नाही. म्हणून माहितीचे फलक मराठीबरोबर पूर्व भागात तेलुगूत आणि गरजेप्रमाणे कन्नडमध्येही लावावेत.

पहिला डोस कोणत्या तारखेला देणार, तेवढं जाहीर करावं.

आपला,
एक सोलापूरकर