पट्टीची बेरीज करणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पोस्टानं चालणाऱ्या हिशेबाच्या शिकवणीबद्दलचं हे पत्र मुद्दाम उघडं लिहितोय. बेदाणा करणाऱ्या बाकीच्यांनीही ते वाचावं म्हणून.

हिशेब, कर आणि विक्रीचं शिक्षण आम्हाला याआधीही 'मिळालं' होतं. इंग्रजी स्लाइड, चहा-वडा, प्रमाणपत्र हातात धरून फोटो. शंका काढली की उत्तर ठरलेलं, "शेतकऱ्याला कर माफ, वही कशाला ठेवता?" तुम्ही पोस्टानं पाठवलेल्या तिसऱ्या धड्यानं या वाक्याची हवाच काढली.

शेतीचं उत्पन्न करमुक्त, हे खरंच. पण ते ५,००० रुपयांच्या वर असेल आणि त्याच माणसाचं पगार, दुकान, व्याज असं इतर उत्पन्न करमुक्त मर्यादा ओलांडत असेल, तर कराचा दर काढताना शेतीचा आकडा मिळवला जातो. शेतीचं उत्पन्न ५ लाखांच्या वर गेलं की विवरणपत्रात जमीन कुठं, किती, स्वतःची की खंडाची, बागायत की जिरायत, तेही लिहावं लागतं. वही नसेल तर हे आठवणीतून भरणार का? शेजाऱ्याची द्राक्षं विकत घेऊन केलेला बेदाणा हा व्यापार, आणि दुसऱ्याला दिलेल्या बेदाणा शेडचं भाडंही वेगळं धरायचं. त्यासाठी वेगळं खातं हवं. जीएसटीची भीती तर गावोगाव होती. शेतकऱ्यानं स्वतः विकलेल्या बेदाण्यावर जीएसटी लागत नाही, हा डिसेंबर २०२४ मधल्या जीएसटी परिषदेचा खुलासा तुम्ही चार सोप्या ओळींत लिहून पाठवलात.

सगळ्यात जास्त चुका ३१ मार्चनं केल्या. पुढच्या पिकासाठी वेलींची खरड छाटणी एप्रिलमध्ये, फळछाटणी ऑक्टोबरच्या आगेमागे, बेदाणा फेब्रुवारीपासून. वर्ष संपतं तेव्हा थोडा माल सुकवणीच्या रॅकवर आणि बराचसा शीतगृहात. तो शिल्लक साठा म्हणून धरला नाही, तर यंदा तोटा दिसतो आणि पुढच्या वर्षी खोटा नफा. एप्रिलच्या छाटणीची मजुरी पुढच्या पिकाची, ती विकायला ठेवलेल्या मालावर टाकायची नाही. वेलींच्या मांडवाचा खर्चही एकाच हंगामाच्या डोक्यावर न मारता बागेच्या आयुष्यावर घसाऱ्यानं वाटायचा.

विक्रीचा धडा तुम्ही भागाकारानं शिकवलात. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा. स्वाध्यायातले आकडे असे होते: द्राक्ष जागेवर ३५ रुपये, म्हणजे चार किलोचे १४०, बेदाण्याचा दर १८०. वरवर ४० रुपये सुटले. पण अजून खर्च बाकी: तोडणी, द्राक्षं बुडवायच्या १०० लिटर पाण्याला अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर डिपिंग ऑइल, रॅक, निवडणी, बॉक्स, शीतगृह, वाहतूक, सौद्यात माल दाखवताना होणारी उधळण आणि पैसे उशिरा आले तर तेवढ्या दिवसांचं व्याज. हे सगळं विक्रीच्या एकूण रकमेतून वजा करून राहिलेल्या रकमेला भागायचं ते शेडमधून निघालेल्या किलोंनी, पट्टीवरच्या, म्हणजे अडत्यानं दिलेल्या विक्रीच्या हिशेब-पावतीवरच्या किलोंनी नव्हे. पट्टीवरच्या वजनानं भागलं की वाटेत गळालेला माल हिशेबातून गायबच होतो, आणि दर मात्र झकास दिसतो.

आता ज्यासाठी हे पत्र, ते. आमच्यातल्या एकीच्या स्वाध्यायाची बेरीज जुळत नव्हती. तिनं मूळ पट्टीची झेरॉक्स जोडली आणि खाली लिहिलं, "चूक सापडत नाही, माफ करा." आधीच्या शिकवणाऱ्यांपैकी कुणी असता तर लाल फुली मारली असती. तुमच्याकडून कागद परत आला त्यावर समासात पेन्सिलीनं, बारीक अक्षरात होतं: "६४ बॉक्स गुणिले १५ म्हणजे ९६० किलो. पट्टीवर ९४५ आहेत. तुमचा हिशेब बरोबर आहे. पट्टी विचारा."

बाई, तुम्ही विद्यार्थिनीची बेरीज तपासून थांबला नाहीत, अडत्याचीही केलीत. पंधरा किलो, १८० च्या दरानं २,७०० रुपये. रक्कम सोडा. तो कागद तालुक्यात इतक्या हातांतून फिरलाय की घडीवर फाटला. "तुमचा हिशेब बरोबर आहे" हे आमच्याशी याआधी कुणी बोललं नव्हतं, ना अडत्याच्या पेढीवर ना प्रशिक्षणात. शेकडो मैलांवर बसून, ज्यांचं तोंडही पाहिलं नाही त्यांच्या कागदावर इतकं लक्ष देणारी माणसं आहेत म्हणायची. पेन्सिलीनं का लिहिलंत तेही उशिरा लक्षात आलं: तोच कागद पेढीवर न्यायचा होता, आणि तिथं मास्तरीण सोबत आणल्यासारखं दिसू नये.

हल्ली पट्टी हातात आली की आधी बॉक्स मोजून गुणाकार होतो, मग सही. नव्या वहीच्या पहिल्या पानावर शीतगृहातला शिल्लक साठा लिहिलाय, लॉट क्रमांकासकट. मांडवाच्या घसाऱ्यात मात्र आमच्यात अजून भांडण आहे, बारा वर्षं धरायची की पंधरा. दोन्ही कोष्टकं सोबत जोडली आहेत. पेन्सिल तयार ठेवा.

आपले विद्यार्थी,
तासगाव तालुका