किम आडनावाची बातमी अयोध्येपाशीच का थांबते?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत कोरियातल्या किम आडनावावरचा लेख वाचला. मराठीत असं काही वाचायला मिळालं म्हणून आनंद झाला, पण सगळे किम एकाच घराण्यातले असं जे छापलंय ते बरोबर नाही. तिथे नुसत्या आडनावावरून काही कळत नाही, 'बोन्ग्वान' विचारतात, म्हणजे घराण्याचं मूळ गाव. ग्योंगजूचे किम वेगळे आणि गिम्हेचे वेगळे, एकट्या गिम्हेवाल्यांचीच संख्या ४० लाखांच्या वर आहे. ग्योंगजूवाल्यांचा मूळपुरुष सोन्याच्या पेटीत सापडला आणि गिम्हेवाल्यांचा सुरो राजा सोन्याच्या अंड्यातून निघाला अशा कथा आहेत, आणि किम या अक्षराचा अर्थच सोनं.

माझ्या ऑफिसात दोन वर्षं एक कोरियन बाई होत्या, त्यांचं आडनाव होतं 'हो'. एकदा डबा खाताना मी गावाचं विचारलं तर त्यांनी पेपर नॅपकिनवर दोन चिनी अक्षरं काढली, एकावर बोट ठेवून म्हणाल्या सोनं, दुसऱ्यावर ठेवून म्हणाल्या समुद्र, झालं गिम्हे. मग म्हणाल्या, राजाचं गाव तेच आमचं, फक्त आम्ही आईकडचे.

खरी गोष्ट इथे आहे आणि लेखात नेमकी तीच नाही. 'सामगुक युसा' या १३व्या शतकातल्या ग्रंथात सांगितलंय की इ.स. ४८ मध्ये अयुता देशाची १६ वर्षांची राजकन्या हो ह्वांग-ओक जहाजाने आली, सुरोशी लग्न केलं, आणि परंपरा सांगते की तिच्या दोन मुलांना तिचं आडनाव मिळालं. अयुता म्हणजे अयोध्याच हे काही सिद्ध झालेलं नाही, तरी आपल्याकडची प्रत्येक बातमी तिथेच जाऊन थांबते. गिम्हेचे हो मात्र आजही स्वतःला त्या आईचे वंशज मानतात, आणि बाप एकच म्हणून गिम्हेच्या किम आणि हो यांच्यात परंपरेने सोयरीक होत नाही, आडनावं वेगळी असूनसुद्धा! आपल्याकडे देवक जुळलं की स्थळ सोडतात तसंच.

याचा त्रासही लोकांनी फार सोसलाय. एकच आडनाव आणि एकच बोन्ग्वान असलं की कायद्याने लग्नाची नोंदच होत नसे, मग नातं कितीही लांबचं असो. १९७८, १९८८ आणि १९९६ मध्ये थोड्या थोड्या काळापुरती सूट देऊन अशी लग्नं नोंदवून घेतली, १९९७ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने हे कलम घटनेशी विसंगत ठरवलं आणि २००५ मध्ये कायदा बदलला. आपल्याकडे सगोत्र विवाहाची कायद्यातली अडचण १९४६ लाच दूर झाली होती, त्यामानाने किती उशीर बघा.

त्या बाईंनीच सांगितलेली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. घराण्याची वंशावळ, तिला ते जोकबो म्हणतात, त्यांच्या आजोबांकडे होती. त्यात मुलग्यांची नावं आहेत, पण आत्याच्या जागी आत्याच्या नवऱ्याचं नाव लिहिलंय, जुन्या जोकबोत तशीच पद्धत होती. आणि हे आईचं आडनाव लावणाऱ्या घराण्यात! पुढच्या वेळी किमबद्दल छापाल तेव्हा या हो मंडळींबद्दलही एक कॉलम द्यावा ही कळकळीची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे