महिला सभा सकाळी अकरालाच कशासाठी?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

स्थानिक स्वराज्य संस्थांमधील महिला आरक्षणाचा विषय निघाला की चर्चा सरपंचपदाभोवती आणि ‘सरपंचपतीं’भोवती घुटमळते. ती चर्चा गैर नाही. ७३व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून महिलांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले, तरीही सही बाईंची आणि कारभार साहेबांचा हा प्रकार अनेक गावांत अजून चालू आहे. परंतु ज्या स्त्रिया कधीच निवडणुकीला उभ्या राहणार नाहीत, त्यांच्यासाठीही ग्रामपंचायत कायद्यात एक चांगली तरतूद आहे. नियमित ग्रामसभेच्या आधी गावातील महिला मतदारांची स्वतंत्र सभा घ्यावी, असे कायदा सांगतो. या पत्राचा विषय तेवढाच आहे.

ही सभा प्रत्यक्षात कशी होते, ते मी पाहिले आहे. दवंडी किंवा व्हॉट्सअॅपवरचा निरोप आदल्या संध्याकाळी येतो आणि वेळ असते सकाळी अकराची. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधीची महिला सभा म्हणजे ऐन खुरपणीचे दिवस. मजुरीवर जाणारी बाई रोज बुडवून कार्यालयात येऊन बसेल, अशी अपेक्षा कोणी करू नये. मग अंगणवाडी सेविका, आशाताई आणि बचत गटाच्या दोघी-तिघी जमतात, अर्ध्या तासात चहा होतो, आणि गणपूर्तीपुरत्या सह्या मिळवण्यासाठी हजेरीचे रजिस्टर दुपारी घरोघर फिरते. दारात उभ्या उभ्या सही करणाऱ्या बाईला इतिवृत्तात कोणता ठराव लिहिला आहे, हे ठाऊक नसते. तिला ते कोणी वाचूनही दाखवत नाही.

एरवी याकडे औपचारिकता म्हणून दुर्लक्ष करता आले असते. पण ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते, आणि ती कशावर करावी हे सांगण्याची खरी जागा हीच सभा आहे. शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नसेल, किंवा नदीच्या वाटेवर दिवा नसेल, तर ते तिथे रोज जाणारीच सांगू शकते. ती सभेला नसली की निधी वर्षाच्या शेवटी घाईघाईने खर्ची पडतो, बहुधा अंगणवाडीच्या खुर्च्यांवर किंवा शिवणयंत्रांवर. खुर्च्या नकोत असे नाही; पण त्या कोणी मागितल्या होत्या, हे विचारायला हवे.

गावाने मनावर घेतले तर ठरावाला किती वजन येते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवांच्या बांगड्या फोडण्याची, कुंकू पुसण्याची, मंगळसूत्र व जोडवी काढण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनीही तसे करावे, असे परिपत्रक काढले. त्यानंतर ठरावांची लाट आली. त्यातले किती ठराव स्मशानातून परतल्यावर पाळले जातात, हा प्रश्न वेगळा, आणि त्याचे उत्तर त्या त्या गावच्या महिला सभेनेच दरवर्षी घ्यायला हवे.

घराच्या नोंदीचेही तसेच आहे. नमुना ८ च्या, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टी नोंदीच्या, उताऱ्यावर पतीबरोबर पत्नीचे नाव लावण्याची मोहीम जुनी आहे. करआकारणीची नोंद म्हणजे मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, हे मान्य. तरीही घराबाहेर काढल्या गेलेल्या बाईच्या हातात निदान एक कागद राहतो. गावातील किती घरांवर दोघांची नावे लागली आणि किती अर्ज पडून आहेत, हा आकडा ग्रामपंचायत अधिकाऱ्याने (पूर्वीच्या ग्रामसेवकाने) महिला सभेत वाचून दाखवणे अवघड नाही.

यासाठी नवा कायदा नको आणि नवा निधीही नको. सभा संध्याकाळी सात वाजता, शक्यतो वाडी-वस्तीवर घ्यावी. सूचना आठ दिवस आधी द्यावी. इतिवृत्त तिथेच मोठ्याने वाचून मगच सह्या घ्याव्यात. महिला सभेची शिफारस ग्रामसभेत फेटाळली गेली, तर कारण लिहून ठेवावे. आणि १० टक्क्यांचा खर्च बाबनिहाय फलकावर लावावा. गटविकास अधिकाऱ्यांनी तपासणीच्या वेळी इतिवृत्तावरील सह्यांबरोबर सभेची वेळही पाहिली, तरी पुढच्या सभेपासून फरक दिसू लागेल.

आपली,
ग्रामीण भागातील एक वाचक