परवानगीच्या कागदावर बेसचा आकडा हवा

संपादक महोदय,

गणेशोत्सव तोंडावर आला की आवाजाचा वाद पुन्हा पेटतो आणि 'कायदा आहे, अंमलबजावणी नाही' या वाक्यापाशी येऊन विझतो. हे वाक्य अर्धेच खरे आहे. कायदा आहे, पण ज्या आकड्याने आवाज मोजायचा तो आकडाच डीजेच्या बेसच्या, म्हणजे खालच्या सुरांच्या, बाबतीत जवळजवळ बहिरा आहे. तो सुधारायला दिल्लीला जायची गरज नाही. पुण्यातल्या पुण्यात, पोलिस आयुक्तालयातून मिळणाऱ्या परवानगीच्या कागदावर ते करता येते.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० हे केंद्राचे. मर्यादांचे आकडे त्यांत ठरलेले आहेत. शहराच्या हाती दोन गोष्टी उरतात: नियम ५ खाली ध्वनिवर्धकाला द्यायची लेखी परवानगी आणि महाराष्ट्र पोलिस अधिनियमाच्या कलम ३३ व ३८ खालचे अधिकार. म्हणजे आपल्या शहराचा आवाजाचा स्थानिक कायदा हा खरे तर त्या परवानगीवरच्या अटींचा मजकूर आहे. तो जितका मोघम, तितका कायदा मोघम.

आधी एक गैरसमज. मंडळांपासून बंदोबस्तावरच्या शिपायापर्यंत सर्वांच्या तोंडी '७५ डेसिबल' असते. नियम ५(४) तसे म्हणत नाही. सार्वजनिक जागेच्या सीमेवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल ते लागू, असे तो म्हणतो. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५. म्हणून सदाशिव पेठेतल्या निव्वळ राहत्या गल्लीत दिवसा ६५ एवढीच मुभा आहे. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धकाला मुळात बंदीच आहे; सूट मिळाली तरी मर्यादा ५५. ७५ चा आकडा व्यापारी भागात दिवसा लागू पडतो, कारण तिथे मूळ मर्यादा ६५ आहे. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार रात्री दहा ते बाराची सूट देऊ शकते, तीही वेळेची सूट आहे; पातळीची नाही.

आता मुख्य मुद्दा. हे सगळे डेसिबल 'ए' मापातले आहेत. मंद आवाजाला माणसाचा कान जसा प्रतिसाद देतो त्याच्या जवळ जाणारे हे माप आहे, त्यामुळे खालच्या सुरांना ते मोठी कात्री लावते: १०० हर्ट्झला (सेकंदाला १०० कंपने) सुमारे १९ डेसिबल, ६३ हर्ट्झला २६, ५० हर्ट्झला ३०. डीजेचा जो ठोका छातीत बसतो आणि खिडकीच्या काचा थरथरवतो तो याच पट्ट्यात असतो. ६३ हर्ट्झचा १०० डेसिबलचा ठोका 'ए' मापावर ७४ दिसतो. कागदोपत्री ७५ च्या आत! खालच्या सुरांना जवळजवळ कात्री न लावणाऱ्या 'सी' मापावर तोच आवाज ९९ च्या वर दिसतो. लोक म्हणतात मीटर खोटा आहे. मीटर खरा असतो, त्याला चुकीचा प्रश्न विचारलेला असतो. बहुतेक मीटरांवर ए आणि सी अशी दोन्ही मापे असतात आणि बदलायला एक बटण पुरते.

न्यूयॉर्क शहराने २००७ पासून लागू केलेल्या आवाजाच्या संहितेत हे ओळखले आहे. हॉटेल-बारच्या संगीतासाठी तक्रारदाराच्या घरात ४२ डेसिबल (ए) ही एक मर्यादा आहे. शिवाय ६३ ते ५०० हर्ट्झमधल्या कोणत्याही एक-तृतीयांश सप्तकाच्या (सुरांच्या अरुंद) पट्ट्यात ४५ डेसिबल, आणि 'सी' मापावर भोवतालच्या आवाजात ६ डेसिबलची वाढ, अशा बेससाठी वेगळ्या मर्यादा आहेत. आपल्याकडे केंद्राचा आकडा बदलता येणार नाही हे खरे, पण परवानगी देणाऱ्याला अधिक अट घालण्यापासून कोणी अडवलेले नाही.

बेसच्या भिंतीचे गणितही समजून घ्यावे. एकमेकांशी संबंध नसलेले दोन सारखे आवाज मिळाले की ३ डेसिबल वाढतात. पण एकाच सिग्नलवर चालणारे दोन सबवूफर (खालचे सूर वाजवणाऱ्या पेट्या) शेजारी ठेवले तर ६ डेसिबल वाढतात, कारण ६३ हर्ट्झची लहर सुमारे साडेपाच मीटर लांब असते आणि त्या लांबीपुढे दोन पेट्या एकच पेटी असल्यासारख्या वागतात. एकाच्या जागी चार रचले की १२, आठ रचले की १८. म्हणून गाडीवरच्या सबवूफरची संख्या आठावरून दोनावर आणणे ही पोकळ अट नाही; तिने खालचे सूर १२ डेसिबलच्या आसपास उतरतात. ढोलांचे तसे नाही. राष्ट्रीय हरित लवादाने ऑगस्ट २०२४ मध्ये ढोल-ताशा पथकात ३० जणांची मर्यादा घातली होती आणि सर्वोच्च न्यायालयाने विसर्जनाआधीच तिला स्थगिती दिली. त्या वादात शिरायचे कारण नाही. पण ६० वादकांचे ३० केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने उतरतो, जेमतेम जाणवेल एवढा. ढोलांसाठी डोकी मोजण्यापेक्षा चौकात किती वेळ थांबायचे ते ठरवणे जास्त उपयोगी.

वेळेचा प्रश्न मोजमापातही आहे. मर्यादा एलईक्यूमध्ये, म्हणजे ठरावीक काळातल्या ऊर्जेच्या सरासरीत दिलेल्या आहेत, आणि 'दिवस' सकाळी सहा ते रात्री दहा असा सोळा तासांचा आहे. घरासमोर १० मिनिटे ९० डेसिबल वाजले आणि ती ऊर्जा सोळा तासांवर पसरली तर आकडा ७० वर येतो. वीस डेसिबल हवेत विरले. म्हणून अटीत 'सलग कोणत्याही ५ मिनिटांची एलईक्यू' असे शब्द हवेत. मिरवणुकीला तर सीमाच नसते, ती सरकत असते. तिथे मोजायचे ठिकाण 'रस्त्यावरच्या इमारतींच्या दर्शनी रेषेवर' असे आधीच लिहून ठेवावे. लक्ष्मी रस्त्यासारख्या दोन्ही बाजूंनी बांधलेल्या रस्त्यावर आवाज भिंतींवर आपटून परततो. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल कमी होतात. तो हिशेब तिथे लावू नये.

प्रत्यक्ष मोजणी कुठे फसते? बहुधा कॅलिब्रेटरपाशी, म्हणजे मीटर तपासण्याच्या उपकरणापाशी. मोजणीच्या आधी आणि नंतर मीटरवर १००० हर्ट्झचा ९४ डेसिबलचा ठरावीक सूर लावून पाहायचा; दोन्ही वेळच्या आकड्यांत अर्ध्या डेसिबलपेक्षा जास्त फरक पडला तर मधली नोंद टाकून द्यायची. मायक्रोफोनवर वाऱ्याचे स्पंजी टोपण हवे. तो जमिनीपासून सव्वा ते दीड मीटरवर आणि शक्य तिथे भिंतीपासून साडेतीन मीटर दूर धरावा. इमारतीच्या दर्शनी रेषेवर ते जमत नाही, तिथे भिंतीमुळे साधारण ३ डेसिबल फुकट चढतात, ते हिशेबात धरावे. मग भोवतालचा आवाज: ध्वनियंत्रणा चालू असताना ७० आणि बंद असताना ६५ असेल तर यंत्रणेचा वाटा ७० नव्हे, ६८.३ आहे. फरक ३ पेक्षा कमी निघाला तर ती नोंद कोणावरही लादता येत नाही. बंद असतानाची नोंद घेतलीच नसेल, तर 'आवाज वाहतुकीचा होता' या बचावाला उत्तर उरत नाही.

२३ जानेवारी २०२५ च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने पोलिसांना मोबाइलवरचे डेसिबल ॲप वापरण्याची मुभा दिली आहे. समज देण्यापुरते ते ठीक. पण फोनचा मायक्रोफोन बोलण्यासाठी बनवलेला असतो. मोठा आवाज तो आपोआप दाबतो आणि खालचे सूर नीट घेत नाही. दंडाची कारवाई त्याच्या भरवशावर करू नये. त्याच निकालातल्या तीन गोष्टी मात्र प्रत्येक पोलिस चौकीत फलकावर लावण्याजोग्या आहेत: तक्रारदाराची ओळख मागायची नाही, आधी समज, मग दंड, मग पोलिस अधिनियमाच्या कलम ७० खाली ध्वनिवर्धक जप्त, अशी चढती कारवाई करायची, आणि ध्वनिवर्धकातच आवाजाला चाप लावणारी यंत्रणा बसवण्याचा विचार राज्याने करायचा.

तो चाप म्हणजे लिमिटर. स्पेनमधल्या अनेक शहरांत संगीत वाजवणाऱ्या जागांना नोंद ठेवणारा सीलबंद लिमिटर बसवावा लागतो. तो मिक्सर आणि ॲम्प्लिफायरच्या मध्ये बसतो. पळवाटा ठरलेल्या आहेत: लिमिटरच्या पुढे दुसरा मिक्सर जोडायचा, किंवा त्याच्या मायक्रोफोनवर फडके गुंडाळायचे. म्हणून सील ॲम्प्लिफायरपर्यंतच्या प्रत्येक जोडणीवर हवे आणि मिरवणूक संपल्यावर त्यातली नोंद जमा करणे ही परवानगीची अट हवी. नोंद दिली नाही, तर पुढच्या वर्षी परवानगी नाही.

जाता जाता बांधकामाविषयी. २०१० च्या दुरुस्तीपासून निवासी आणि शांतता क्षेत्रात रात्री आवाज करणारी बांधकामयंत्रे चालवता येत नाहीत. इथे महापालिकेने बांधकाम परवानगीतच ब्रेकर, पायलिंग आणि काँक्रीटच्या पंपाच्या वेळा छापाव्यात. भोवती ठोकलेले पातळ पत्रे धूळ अडवतात, आवाज नाही; त्यासाठी जड आणि फटी नसलेला आडोसा हवा, तोही यंत्र आणि खिडकी यांच्यामधली नजरेची रेषा तोडेल एवढ्या उंचीचा.

या सगळ्या नोंदींना आता पूर्वीपेक्षा जास्त महत्त्व आले आहे. ध्वनीचे हे नियम ज्याच्याखाली येतात त्या पर्यावरण (संरक्षण) अधिनियमाच्या कलम १५ मधली तुरुंगवासाची शिक्षा जन विश्वास कायद्याने काढली आणि १ एप्रिल २०२४ पासून तिच्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांची शास्ती आली. ती न्यायनिर्णय अधिकारी ठरवणार. त्याच्यापुढे 'आवाज मोठा होता' एवढा पंचनामा चालायचा नाही. मीटरचा क्रमांक, कॅलिब्रेटरचे आधीचे आणि नंतरचे आकडे, मोजण्याची जागा, सुरू आणि संपल्याची वेळ, ए आणि सी अशा दोन्ही मापांतली ५ मिनिटांची एलईक्यू, यंत्रणा बंद असतानाची नोंद आणि त्या भागाचा वर्ग, एवढे रकाने असलेला एक पानी नमुना आयुक्तालयाने उत्सवाआधी छापून बंदोबस्तावरच्या प्रत्येक पथकाला द्यावा. कॅलिब्रेटरसुद्धा सोबत द्यावा.

आपला,
ध्वनिमापन क्षेत्रातील एक अभियंता, पुणे