नामदेव कोणत्या गटात बसवणार?

‘देव एक, अनेक की नाहीच?’ हा रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. एक देव मानणारे आणि अनेक देव मानणारे यांच्यात मेळ बसूच शकत नाही, हे त्यातील विधान निदान मराठवाड्यात तरी टिकत नाही. संत नामदेव विठ्ठलाचे भक्त. औंढा नागनाथला त्यांचे गुरू विसोबा खेचर यांनी त्यांना ‘जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव’ असे सांगितल्याची कथा आपल्याकडे कीर्तनातून लहानपणापासून कानावर पडते. त्याच नामदेवांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत आणि तो ग्रंथ ‘इक ओंकार’ने, म्हणजे ईश्वर एकच आहे या उच्चाराने सुरू होतो. हिंगोली जिल्ह्यातील नर्सी नामदेवला पगडी बांधलेले पंजाबी भाविक आणि गळ्यात तुळशीमाळ घातलेले वारकरी एकाच ठिकाणी माथा टेकतात. तुझा देव कोणता, असे कोणी कोणाला विचारत नाही.

देव नाहीच म्हणणाऱ्यांना एवढ्याने उत्तर मिळत नाही, हे मान्य. त्यांच्याशी वाद वेगळा, आणि तो सन्मानाने व्हावा. पण एवढ्या मोठ्या लेखात नामदेवांचे नावही नसावे, याचे फार वाईट वाटले. या विषयावर पुन्हा लिहिताना हिंगोली-नांदेडचा हा वारसा जरूर यावा, ही विनंती.

– एक वाचक, हिंगोली