सुचतं कुठून, विचारलंस म्हणून

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं आणि त्यापाठोपाठ फोटोंचा गठ्ठाही. नव्या घराच्या किल्ल्या हातात पडायच्या आधीच तू दिवाणखान्यांचे फोटो जमवायला लागलास, याचं मला नवल वाटलं नाही. पण शेवटी जाता जाता विचारलं आहेस, "लोकांची घरं सजवताना तुला हे सगळं सुचतं कुठून? तेवढं सांग, म्हणजे मीही तिथूनच उचलतो." त्याचं उत्तर फोनवर आटपण्यासारखं नाही. तेव्हा आता हे लांबलचक पत्र सोस.

आधी तुझ्या फोटोंबद्दल. मी फोटो बघत नाही असं नाही. रोज बघतो, साठवूनही ठेवतो. पण ते काढण्याआधी काय काय केलेलं असतं, हे मला माहीत आहे. वायरी लपवलेल्या असतात, पायपुसणं, रिमोट, औषधाच्या बाटल्या चौकटीबाहेर सरकवलेल्या असतात आणि वाइड लेन्समुळे खोली आहे त्यापेक्षा ऐसपैस दिसते. तू पाठवलेल्या त्या पांढऱ्याशुभ्र खोलीत पुस्तक वाचायला एकही दिवा नाही, बघितलंस? म्हणून एखादा फोटो आवडला की मी त्यातल्या वस्तू बोटाने झाकत जातो. सोफा झाकला तरी आवडतोय का? गालिचा झाकला तरी? बऱ्याचदा शेवटी उरतो तो खिडकीतून तिरका येणारा उजेड, आणि तो काही विकत मिळत नाही.

सगळ्यात जास्त सुचतं ते राहणाऱ्या माणसांकडून. पहिल्या भेटीत मी आवडता रंग विचारत नाही. घरात शिरल्यावर किल्ल्या कुठे टाकता, फोन कुठे चार्जिंगला लावता, सकाळी आधी कोण उठतं आणि त्यामुळे कोणाची झोपमोड होते, भांडण झालं की कोण कुठे जाऊन बसतं, असलं काहीबाही विचारतो. (शेवटच्या प्रश्नाला लोक हसतात, पण उत्तर देतात.) आणि बेडरूममधली ती खुर्ची बघतो. तुझ्याकडेही असेल. एकदा घातलेले, धुवायला टाकावेत इतके मळलेले नाहीत आणि घडी करून ठेवावेत इतके स्वच्छही नाहीत, असे कपडे जिच्यावर साठतात ती. सगळे म्हणतात, ही खुर्ची आधी हलवा. ती हलवली तर ढीग पलंगाच्या कठड्यावर जाईल, एवढंच. या अधल्यामधल्या कपड्यांची सोय कपाटात कोणी केलेलीच नसते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या शेकर पंथाच्या लोकांच्या खोल्यांत भिंतीवर सलग लाकडी पट्टी असे आणि तिच्यात ओळीने खुंट्या. टोप्या, कपडे तर तिथे टांगायचेच, पण झाडलोट करताना खुर्च्याही उचलून खुंट्यांना अडकवायच्या. तीच पट्टी मी दाराआडच्या वाया जाणाऱ्या भिंतीवर बसवतो. कपडे डोळ्यांआड राहतात, हवेशीर राहतात आणि खुर्ची बसायला मोकळी होते.

"म्हणजे लेका, उचललंसच की!" म्हणशील. उचललं ना. बिनदिक्कत उचलावं. फक्त ती वस्तू तशी का केली होती, ते समजून घेऊन उचलावं. मग मूळ वस्तूसारखी ती दिसली नाही तरी चालतं.

यात माझी गुरू म्हणजे ऑस्ट्रियन वास्तुविशारद मार्गारेटे शुटं-लिहोत्स्की. १९२६ साली या बाईंनी जर्मनीतल्या फ्रांकफुर्टच्या नव्या वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखलं. जागा जेमतेम १.९ मीटर बाय ३.४ मीटर. एवढ्याशा जागेत काम कसं उरकायचं याचा नमुना त्यांना मिळाला तो आगगाडीच्या डायनिंग कारमध्ये, जिथे चिंचोळ्या स्वयंपाकघरात माणसं डब्याभर प्रवाशांचं जेवण रांधतात. हातात घड्याळ घेऊन हालचाली मोजल्या, पावलं कमी केली. कामाचा ओटा खिडकीशी, त्याच्यापुढे फिरतं स्टूल, छतालगत रुळावर सरकणारा दिवा, चिरताना पडणारा कचरा सरळ लोटता यावा म्हणून ओट्यातच बसवलेला खण. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसवली गेली. गंमत म्हणजे तोवर आपण स्वतः कधी स्वयंपाक केलेला नव्हता, हे बाईंनीच पुढे कबूल केलं! त्यात एकच माणूस मावतो आणि तो घरापासून तुटतो, ही त्यावरची टीका मात्र मला पटते. तू ओटा मोकळा ठेव, भिंत घालू नकोस. पण मुद्दा तुझ्या ध्यानात आला असेल. चांगल्या स्वयंपाकघराची कल्पना रेल्वेच्या डब्यात सापडली. तेव्हापासून बोटीची केबिन असो, केशकर्तनालय असो, चांभाराचा ठेला असो, जिथे कमी जागेत सराईत हात चालतात तिथे मी उगाच रेंगाळतो. हत्यारं कोणत्या उंचीवर टांगली आहेत, न बघता हात कुठे जातो, हे बघत बसतो.

आता रंग. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण तू शेड कार्डावर खुणा करून पाठवल्या आहेस. १८२४ मध्ये शेव्हरल नावाचा रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोब्लाँ कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख झाला. तिथे भिंतीवर टांगायची मोठाली विणलेली चित्रं तयार होत. तक्रार अशी होती की निळ्या-जांभळ्या भागातला काळा धागा मरगळलेला दिसतो, तेव्हा काळा रंग खराब असणार. त्याने दुसरीकडच्या काळ्या लोकरीशी ताडून पाहिलं, तर रंगात काही खोट नव्हती. काळ्याचं तेज शेजारचा निळा खात होता. पुढे १८३९ साली त्याने यावर अख्खा ग्रंथ लिहिला. सांगायचं एवढंच की कार्डावरच्या पांढऱ्या कागदात छापलेला तो टिचभर चौकोन तुझ्या तपकिरी फरशीशेजारी तसा दिसणार नाही. शिवाय चार भिंती एकमेकींवर रंग फेकतात, त्यामुळे कार्डावर मवाळ वाटलेला पिवळा खोलीभर झाला की अंगावर येतो.

म्हणून मी काय करतो, तर प्लायचा चांगला हातभर तुकडा घेतो, त्यावर त्याच रंगाचे दोन हात मारून घेतो आणि तो फळा खोलीभर फिरवतो. फरशीला टेकवून, पडद्याच्या कापडाशेजारी, खिडकीच्या भिंतीवर आणि तिच्या समोरच्या भिंतीवर. खिडकीच्या भिंतीवर हाच रंग काळपट वाटतो, कारण डोळा बाहेरच्या उजेडाला सरावलेला असतो. सकाळी बघायचा, दुपारी बघायचा आणि रात्री जे दिवे कायम लावणार आहेस त्यांच्याच उजेडात बघायचा. २७०० केल्विनच्या, म्हणजे पिवळसर उजेडाच्या, दिव्याखाली ऊबदार वाटणारा करडा ६५०० च्या पांढऱ्या दिव्याखाली निळसर पडतो. दिवा घेताना खोक्यावर सीआरआय बघ, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा. ९० किंवा वर असेल तर रंग बऱ्यापैकी खरे दिसतील. सुतारकाम सुरू व्हायच्या आधी दिवे ठरव. लोक उलटं करतात.

चित्रांकडूनही मी पुष्कळ घेतो. हामर्सहॉय या डॅनिश चित्रकाराने १८९८ ते १९०९ या काळात कोपनहेगनमधल्या आपल्या राहत्या घराच्या खोल्या पुन्हा पुन्हा रंगवल्या. जवळजवळ रिकाम्या खोल्या, एकामागे एक उघडी दारं आणि नुसता करडा. पण नीट बघ, तो करडा एका जातीचा नाही. दारातून पलीकडच्या खोलीचं काय दिसतं हेही डिझाइनमध्ये धरावं, हे मी त्याच्याकडून शिकलो. याच्या अगदी उलट टोकाला फ्रेंच चित्रकार मोने. जिव्हर्नीच्या घरात त्याचं जेवणघर फर्निचरसकट पिवळं आणि लागून असलेलं स्वयंपाकघर निळं. कोणी "सगळं ऑफव्हाइट ठेवू, म्हणजे चुकायला नको" म्हटलं की मला ते पिवळं जेवणघर आठवतं.

आणि माणसांनी स्वतःसाठी केलेली घरं. लंडनमध्ये जॉन सोन या वास्तुविशारदाचं घर आहे. १८३३ मध्ये त्याने पार्लमेंटकडून खास कायदाच करून घेतला, की आपल्या मागे घर आहे तसं राखावं. त्यात एका लहानशा खोलीत शंभरावर चित्रं मावतात, कारण भिंती बिजागऱ्यांवर कपाटाच्या दारांसारख्या उघडतात आणि आत पुन्हा चित्रं निघतात. न्याहारीच्या खोलीत छताला छोटे फुगीर आरसे बसवलेत, त्यांत सगळी खोली गोळा होऊन दिसते. नेदरलँड्समधल्या उत्रेख्तचं १९२४ सालचं श्रोडर हाउस असंच. तिथे वरचा मजला दिवसा सलग आणि रात्री सरकत्या भिंती ओढल्या की वेगवेगळ्या खोल्या. त्याचा वास्तुविशारद म्हणून रीटव्हेल्टचं नाव सगळे घेतात, पण तीन मुलांसह तिथे राहायला येणाऱ्या त्रुस श्रोडर बाईंचा त्यात बरोबरीचा वाटा होता.

तुझ्या नकाशातल्या त्या अंधाऱ्या पॅसेजसाठी मात्र मी मेक्सिकोतल्या बारागान या वास्तुविशारदाच्या घराकडे बोट दाखवीन. १९४८ च्या त्या घरात जिन्याच्या वळणावर सोन्याच्या वर्खाचा एक मोठा फलक आहे, नक्षी नाही की चित्र नाही. वरून येणारा उजेड त्याच्यावर पडतो आणि जिनाभर सोनेरी होऊन पसरतो. तुला सोन्याचा वर्ख नको. पॅसेजच्या टोकाला, जिथे बाथरूमच्या खिडकीचा उजेड पोचतो, तिथे पितळी रंगाचा किंवा उबदार चकाकीचा एखादा पत्रा लावून बघू. न जमल्यास काढायला पाच मिनिटं लागतील.

बाकी कापडाचे कटपीस, दगडांचे तुकडे, जुन्या फर्निचरच्या गोदामातली हँडलं यांची एक पेटी माझ्याकडे असतेच, सगळ्याच डिझायनरांकडे असते. तिच्याबद्दल वेगळं काय लिहू? आणि यंदाच्या ट्रेंडबद्दल तर काहीच नाही. घर पाच-सात वर्षं तरी तसंच राहणार, ट्रेंड पडदे शिवून येईपर्यंत बदलतो.

आता कामाचं. सगळ्या खिडक्यांच्या दिशा आणि कोणत्या खोलीत ऊन किती वाजता येतं ते लिहून पाठव. वडिलांची आरामखुर्ची "नव्या घरात शोभणार नाही" म्हणून देऊन टाकतोयस, असं लिहिलं आहेस. अजिबात देऊ नकोस. तुझ्या सगळ्या गठ्ठ्यात जी एक गोष्ट तुझी म्हणून ओळखू येते, ती तीच, आणि दिवाणखान्याची सुरुवात मी तिथूनच करणार आहे. तिची रुंदी, पाठ पूर्ण मागे केल्यावरची लांबी आणि लाकडाचा एक फोटो, उन्हात काढलेला, फ्लॅश न वापरता, एवढं या आठवड्यात पाठव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. मुलांना त्यांच्या खोलीबद्दल काय वाटतं ते त्यांनाच लिहू दे, तू मध्ये पडू नकोस.

तुझाच,
जुना मित्र